तेरा वॉशरचा कीबोर्ड

स्वतःच्या मुलीच्या लग्नात जिलेबीच्या घमेल्याला पिवळा टॅग बांधणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. आचारी हात जोडत होता, व्याही घड्याळाकडे बघत होते, आणि बनसोडे काका सफारीच्या खिशातून सुतळीचा तुकडा काढून शांतपणे गाठ मारत होते. टॅगवर लिहिलं होतं, "होल्ड. पाक आत गेलेला नाही." पंगत पंधरा मिनिटं थांबली. जिलेबी परत पाकात गेली, मग काकांनी एक मोडून बघितली, पिवळा टॅग सोडला, हिरवा बांधला आणि व्याह्यांना म्हणाले, "आता बसा."

चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या दरवाजांची कुलपं बनतात. बाहेरून येणारा सगळा माल, म्हणजे स्प्रिंगा, पिना, पत्रे, आधी काकांच्या टेबलावर यायचा. हिरवा टॅग म्हणजे माल आत. लाल म्हणजे आल्या पावली परत. पिवळा म्हणजे काका अजून विचार करताहेत आणि त्यांच्याशी कुणी बोलू नये. मी लातूरहून डिग्री घेऊन आलो आणि सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. पहिल्या दिवसापासून ते मला "इंजिनिअर" म्हणायचे. त्यात मान किती आणि टोमणा किती हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

काकांना एका शब्दाचा मनापासून राग होता. "चालतंय." आपल्याकडे रस्ता, लग्न, सरकार, सगळं या एका शब्दावर चाललेलं असतं. काकांपुढे मात्र तो उच्चारायची सोय नव्हती. कुणी चुकून म्हणालाच तर ते चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "चालतंय म्हणजे किती चालतंय? आकडा सांग."

एकदा स्प्रिंगांचा एक लॉट त्यांनी अडवला. लाईन बंद पडायला आली. खुद्द प्लँट हेड खाली उतरून आले आणि गोडीत म्हणाले, "बनसोडे, किती ताणायचं? चालतंय, सोडा." काकांनी टॅग पुढे केला, स्वतःचं पेन उघडून दिलं आणि म्हणाले, "साहेब, इथं 'चालतंय' असं लिहा आणि खाली सही करा. मी लगेच सोडतो." साहेबांनी पेन हातात घेतलं, टॅगकडे बघितलं आणि पेन परत दिलं. लाईन दोन तास बंद राहिली. काका जेवणाचा डबा उघडून निवांत भाकरी खात बसले.

निवृत्तीचं पत्र आलं तेव्हाही तेच. एचआरने पत्रात त्यांची रुजू झाल्याची तारीख चुकवली होती. दुसरा कुणी असता तर फोन केला असता. काकांनी पत्राच्या कोपऱ्याला भोक पाडलं, त्यात लाल टॅग ओवला आणि पत्र परत पाठवलं. नवं पत्र येईपर्यंत मी निवृत्त झालोय हे मी मानत नाही, असं त्यांनी एचआरच्या मॅडमना तोंडावर सांगितलं. मॅडम रडकुंडीला आल्या होत्या.

हसा, खुशाल हसा. मीही हसलो आहे, कँटीनमध्ये काकांची नक्कल करून टाळ्यासुद्धा घेतल्या आहेत. पण कुणी त्यांना नुसतं "सर्किट" म्हणून मोकळा होणार असेल तर त्याचं माझं जमायचं नाही. त्याने आधी कीबोर्डची गोष्ट ऐकावी आणि मग बोलावं.

आमच्या विभागात निवृत्त होणाऱ्याला भेट देतात. आजवर कुणी मिक्सर मागितला, कुणी ट्रॉली बॅग. स्टोअरचा पोपट कडलग सगळ्यांच्या वतीने काकांना विचारायला गेला आणि हातात कागद घेऊन आला. काकांनी चक्क स्पेसिफिकेशन लिहून दिलं होतं. "कीबोर्ड, एक नग. छोटा. बिनवायरचा. मेकॅनिकल. उपयोग : गेम आणि काम." खाली ठळक अक्षरात सूचना होती. "तपासणीत पास झाला तरच स्वीकारण्यात येईल. नाही झाला तर शालसुद्धा घेणार नाही."

पोपट खेडचा, जुन्या गावकीतला. त्याला हे काही झेपेना. "आवो, मानूस रिटायर व्हतोय, का कालेजात चाललाय? ह्या वयात गेम? आन काम तरी कसलं ऱ्हायलंय आता?"

मेकॅनिकल कीबोर्ड म्हणजे काय हे आमच्यात फक्त मला माहीत होतं, कारण सुट्टीच्या दिवशी मी रहाटणीच्या माझ्या खोलीत बसून गेम खेळतो. वय बत्तीस, लग्न नाही, आणि यावर कुणाचा सल्ला नको आहे. साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली मिळून रबराची एक चादर असते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग असते. खरेदीचं काम माझ्याकडे आलं. काकांचा शेवटचा दिवस शनिवार होता, आणि त्याआधीच्या सोमवारी मी छाती पुढे काढून कंपनीत कीबोर्ड घेऊन आलो. माझ्याकडे आहे तसाच, अगदी छोटा, तळहाताएवढा म्हणावा असा. वरची रांग नाही, बाजूचे आकडे नाहीत, फापटपसारा काही नाही.

काकांनी आधी खोका तपासला. मग व्हर्निअरने लांबी-रुंदी घेतली. मग ड्रॉवरमधून पितळी वॉशरची डबी काढली. हे वॉशर त्यांनी स्टोअरच्या नाजूक काट्यावर एकेक करून तोलून घेतले होते, प्रत्येक तीन ग्रॅमचा. एका बटणावर ते एकावर एक वॉशर रचत गेले. पंधराव्या वॉशरला बटण खाली गेलं.

"जड आहे," काका म्हणाले.

"काका, पंचेचाळीस ग्रॅम म्हणजे हलकं असतं. मी रोज खेळतो यावर."

"तुझ्या बोटाला हलकं. मला तेरा पाहिजेत. आणि बाण कुठायत?"

"बाण आहेत ना. कोपऱ्यातलं हे बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्या बोटाने हे दाबायचं."

"म्हणजे दोन हात लागतात?"

"एवढं काय त्यात? दोन हात असतातच की माणसाला."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी लाल टॅग काढला, त्यावर "बाणाची चार बटणं स्वतंत्र नाहीत, दाब जास्त" असं लिहिलं, कीबोर्डला बांधला आणि पहिल्या शिफ्टची बस पकडायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कीबोर्ड गायब. शोधाशोध झाली. शेवटी पोपट म्हणाला, "त्यो व्हय? लाल टॅग व्हता, पिंजऱ्यात टाकला." आमच्याकडे नाकारलेल्या मालासाठी जाळीचा एक पिंजरा आहे, कुलूपबंद. लाल टॅग दिसला की प्रश्न विचारायचा नाही, थेट पिंजऱ्यात टाकायचं, हे पोपटला काकांनीच शिकवलं होतं आणि पोपटने ते इमाने इतबारे केलं होतं. माझा नवाकोरा कीबोर्ड वाकड्या पिना आणि गंजक्या पत्र्यांच्या मधोमध पडलेला मला जाळीतून दिसत होता.

"काका, कुलूप काढा."

"फॉर्म भर."

"अहो, निरोपाची भेट आहे तुमची!"

"पिंजऱ्याला काय माहीत?"

मी फॉर्म भरला. पुरवठादार : मी. मालाचे नाव : कीबोर्ड. लॉट : एक नग. आणि त्या फॉर्मचा शेवटचा रकाना म्हणजे पाच 'का'. कारखान्यात चूक झाली की एकामागून एक पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मुळाशी पोचता येतं. काकांनी खुर्ची ओढली आणि सुरू झाले. बाण का नाहीत? छोटा घेतला म्हणून. इतका छोटा का? मला आवडतो म्हणून. तुला आवडतो तो का? तिसऱ्यालाच मी वैतागलो.

"माझ्या खेळाला बाण लागत नाहीत, म्हणून! काका, आता तुम्ही उत्तरं द्या. पाच का. बाण का पाहिजेत तुम्हाला?"

मी चिडून विचारलं होतं. पण पद्धत म्हणजे पद्धत. काकांनी चष्मा काढला आणि सरळ उत्तरं दिली.

"गेम बाणांवर चालतो. तो साप असतो ना, फळं खात फिरणारा, तो."

"बाणांवरचाच गेम का?"

"बाण उजव्या हाताखाली येतात."

"उजवाच हात का?"

"डावा चांगला आहे तिचा."

तिचा म्हणजे कुणाचा, हे मला विचारावं लागलं नाही. काकांच्या बायकोला, सुनंदाकाकूंना, मी एकदाच, त्यांच्या मुलीच्या लग्नात पाहिलं होतं. पिंपरीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये त्या शिकवायच्या. पुढे इन्स्टिट्यूट बंद झाली आणि त्या घरीच मराठी टायपिंगची कामं घेऊ लागल्या, एवढं मला माहीत होतं.

"उजवा का नाही?" मी विचारलं, पण आवाज आपोआप खाली आला होता.

"गेल्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला. पाय सुधारला, वॉकर धरून चालते. हात राहिला." काका चष्म्याची काच पुसत राहिले. "फिजिओवाल्या मॅडमनी स्पंजचा बॉल दिला दाबायला. तिनं तो खिडकीतून टाकून दिला. मग मॅडम म्हणाल्या, गेम खेळा, बोटं फिरतील. जुना कीबोर्ड जड, त्याची वायर वॉकरमध्ये अडकली, पडता पडता वाचली. मांडीवरच्या उशीवर मावेल असा पाहिजे."

पाचवा 'का' मी विचारला नाही. काकांनी तो स्वतःच घेतला.

"आणि काम का, तर तिचं काम अर्ध्यावर पडलंय."

ते काम असं होतं. विहाराच्या महिला मंडळातल्या म्हाताऱ्या बायकांनी आपापल्या आठवणी वह्यांमध्ये लिहून दिल्या होत्या. कारखाने आले तेव्हा नवऱ्यांबरोबर इथे आलेल्या बायका. पत्र्याच्या खोल्या, नळावरच्या रांगा, संपाचे दिवस, सगळं त्यात होतं. काकूंनी निम्म्या वह्या टाईप केल्या होत्या आणि झटका आला. डॉक्टर म्हणाले, आता आराम करा. मुलगी म्हणाली, आई, डीटीपीवाल्याला देऊन टाकू, आठ दिवसांत होईल. मंडळाच्या बायकासुद्धा म्हणाल्या, बाई, राहू द्या. काकूंनी सगळ्यांना एकच सांगितलं, वह्या माझ्या हातात दिल्यात, माझ्याच हातातून जातील.

"आणि तेरा वॉशर कुठून आले?"

"घरी पीठ तोलायचा काटा आहे. त्याच्यावर तिला करंगळी दाबायला लावली. परत परत लावली. सरासरी काढायची म्हणून." काकांनी चष्मा परत चढवला. "शेवटी म्हणाली, आता मलाच बांधा लाल टॅग. मी काटा माळ्यावर टाकून दिला."

आदल्या दिवशी मी त्यांना दोन हात असतातच की म्हणालो होतो, ते आठवून कानशिलं गरम झाली. काकांनी मात्र फॉर्मवर सही केली, पिंजऱ्याचं कुलूप काढलं आणि कीबोर्ड माझ्या हातात ठेवला.

"शनिवारपर्यंत वेळ आहे, इंजिनिअर. दया म्हणून काही आणलंस तर तेही पिंजऱ्यात टाकीन."

मी ताथवड्यातल्या एका दुकानदाराला गाठलं. दुसरा कीबोर्ड थोडा मोठा होता, पण उशीवर मावेल असा. बाणाची चार बटणं वेगळी, दाब हलका, वायर नाही. गुरुवारी काकांनी त्याची अडुसष्ट बटणं एकेक करून वॉशरने तपासली. अडुसष्ट. रिकाम्या वेळात हा माणूस ते करतोय हे बघायला कारखान्यातून लोक येऊन जात होते. एकजण हसला. मी त्याला हाकलून दिलं, तेही जरा जास्तच जोरात.

मग बिनवायरची परीक्षा. कीबोर्ड मी कँटीनच्या या टोकाला धरून टाईप करत राहिलो आणि काका त्या टोकाला लॅपटॉपसमोर बसले. मधून ट्रॉल्या गेल्या, माणसं गेली, अक्षर चुकलं नाही. बटणांखालचे रंगीत दिवे त्यांनी पहिल्या मिनिटाला बंद करायला लावले. "बॅटरी खातात. आणि घरात काय गणपती बसवायचेत?"

सगळं पास झालं आणि चार बटणं अडली. एंटर, करंगळीखालची दोन आणि बाणांपैकी उजवा. चौदा वॉशर. म्हणजे फक्त तीन ग्रॅम जास्त. मी तोंड उघडायच्या आत काकांनी बोट दाखवलं, "तो शब्द काढू नकोस."

"नाही काढत. बटणं बदलतो."

"म्हणजे?"

मी चिमट्याने एक बटण उपटलं, खालचा स्प्रिंगवाला डबा ओढून बाहेर काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. प्रत्येक बटणाचा डबा असा सुटा निघतो आणि दुसरा बसतो. काकांनी तो भिंगाखाली धरला, आतली केसासारखी स्प्रिंग बघितली. तिचे वेढे मोजायला लागले. आयुष्य स्प्रिंगा तपासण्यात गेलेल्या त्या माणसाचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"सुटं होतं? आणि हे तू मला चार दिवसांनी सांगतोस?"

शुक्रवारी मी चार हलके डबे आणून बसवले. एंटर बाराव्या वॉशरला खाली गेलं. काकांनी हिरवा टॅग बांधला आणि ड्रॉवरमधला बुंदीचा लाडू माझ्यापुढे सरकवला.

शनिवारी कँटीनमध्ये कार्यक्रम झाला. प्लँट हेडनी शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाले, बनसोडे, दोन शब्द बोला. काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि कीबोर्डचा तपासणी अहवाल वाचायला सुरुवात केली. लांबी, रुंदी, वजन, दाब, बटणनिहाय. साहेबांनी दोनदा घसा खाकरला. पोपट माझ्या कानात म्हणाला, "आता आडुसष्ट बटनं वाचनार का काय ह्यो?" वाचली. सगळी वाचली. कुणाकडे न बघता, एक आकडा न गाळता. शेवटी "पुरवठादारात सुधारणा आहे" असं म्हणून ते खाली बसले. लोक हसत होते आणि मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी मी निगडीला त्यांच्या घरी गेलो. बॅटरी नीट चालतेय का बघायला, असं मी फोनवर सांगितलं होतं. काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर उशी, उशीवर कीबोर्ड, शेजारी स्टुलावर उघडी वही. उजवा हात त्यांनी डाव्याने उचलून बटणांवर ठेवला.

"या. तुम्हीच ना ते पुरवठादार?" त्या हसल्या. बोलताना ओठ अजून एका बाजूला जरा ओढला जात होता. "सापाचा खेळ मी जिंकले हो, त्याला काही अर्थ नाही. आता सोनवणेबाईंच्या वहीवर आलेय. बाईंनी पोलिसाला दगड मारला होता संपात. ते डीटीपीवाल्यानं गाळलं असतं."

मी स्क्रीनकडे बघितलं. साडेतीन ओळी झाल्या होत्या.

"बघू नका," काकू एकदम म्हणाल्या. "आणि तुम्हीही अहो, बाहेर व्हा. दोघंही गॅलरीत बसा. कुणी बघत असलं की माझं चुकतं. ऐकत असलं तरी चुकतं."

आम्ही गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. काकांनी दार लोटून घेतलं, पण बोटभर फट ठेवली. आतून आवाज आला. टक. मग बराच वेळ काही नाही. टक. टक. मग परत थांबलं. इतकं थांबलं की मी उठायला लागलो. काकांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"थांब. करंगळी सापडत नसेल. सापडते तिला."

टक.

काकांनी श्वास सोडला. मग माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, "या घरात तीस वर्षं टाईपचा आवाज होता. सकाळी उठलो की आवाज, शिफ्ट करून आलो की आवाज. मी वैतागायचो, म्हणायचो बंद कर जरा. मग खरंच बंद झाला. वर्षभर मी ओव्हरटाइम मागून घेतला, इंजिनिअर. लोकांना वाटलं हावरट आहे. मला घरी यायची भीती वाटायची. ती इथं एकटी भिंतीकडं बघत बसायची आणि मी तिकडं स्प्रिंगा तपासायचो. भित्रा माणूस मी."

साहेबांच्या हातात पेन देणारा माणूस हे म्हणत होता. आत टक टक टक असा सलग तीनदा आवाज झाला. काका खुर्चीच्या कडेवर सरकले.

"अहो!" आतून काकू ओरडल्या. "ऐकताय ना तुम्ही?"

"छे छे!" काका मोठ्याने म्हणाले. "आम्ही गप्पा मारतोय!" आणि माझ्या गुडघ्यावर चापट मारून कुजबुजले, "बोल ना राव काहीतरी. मोठ्यानं बोल."

मी बोलायला लागलो. चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकबद्दल, नव्या इन्स्पेक्टरबद्दल, पोपटच्या दाढदुखीबद्दल, तोंडाला येईल ते मोठमोठ्याने बोलत राहिलो. काका मान डोलवत होते, मधूनच "हो का?" म्हणत होते, आणि दाराच्या फटीकडे कान लावून माझा एकही शब्द ऐकत नव्हते.